पांदणीचा कागद कोणी वाचायचा

या अंकाच्या संपादकांनी मला सांगितलं, बाबा, लहानपणापासून सुरुवात करा. मी नाही म्हणालो. माझ्या लहानपणात कोणाला काय करायचं आहे? चौथी झाली आणि पाटी सुटली, एवढ्यात ते संपलं. मी कचेरीसमोर बसून लोकांचे अर्ज टाइप करणारा माणूस आहे. लिहीन तर त्यातलंच लिहीन, आणि कचेरीचं नाव लिहिणार नाही. अकोला आणि अमरावतीच्या मधली कोणतीही धरा. प्रत्येक कचेरीसमोर एक टिनाचं शेड असतं आणि शेडखाली आमच्यासारख्यांची ओळ असते.

बाहेरच्या माणसाला हा धंदा सोपा वाटतो. गिऱ्हाइकानं सांगायचं आणि आपण बडवायचं. तसं नसतं. गिऱ्हाईक स्टुलावर टेकलं की आजोबापासून सुरू होतं. शेताचा धुरा, म्हणजे बांध, कोणी कोरला, सोयरीक कोणी मोडली, बैल कोणाच्या पायगुणानं मेला, सगळं येतं. त्यातून साहेबाला लागेल तेवढं चार ओळीत आणायचं, आणि सांगणाऱ्याला मात्र वाटलं पाहिजे की आपलं सारंच आलं.

एकदा एक माणूस आला. म्हणाला, सख्खा भाऊ माझ्याशी बोलत नाही, सरकारनं त्याला बोलायला लावावं. मी त्याला समजावलं नाही. समजावणं आमचं काम नाही. ‘विषय : सख्खा भाऊ बोलत नसल्याबाबत’ असा अर्ज करून दिला. आवकचा शिक्काही पडला. काही दिवसांनी त्याचा भाऊ माझ्याकडेच आला, उत्तर टाइप करायला. "लिहा," म्हणे, "मी बोलतोच, तो आयकत नाई." ओळीतले लोक मला म्हणाले, दोघांना एकाच दिवशी बोलावलं असतं तर इथंच मिटलं असतं. मी म्हटलं, मग आपण काय करायचं, चहा विकायचा?

एक नियम मात्र मी कधी सोडला नाही. अर्ज कचेरीच्या भाषेत करायचा, पण जबाब माणसाच्या तोंडचा ठेवायचा. जबाब म्हणजे साहेबासमोर माणूस जे सांगतो आणि खाली सही-अंगठा करतो ते. पुष्कळ टाइपिस्ट तोही ‘सबब’ आणि ‘सदरहू’ घालून गोल करतात. मग सांगणाऱ्यालाच तो आपला वाटत नाही. मी माणूस जसा बोलला तसा उतरवायचो. एका साहेबानं विचारलं होतं, ही काय भाषा आहे? मी म्हटलं, साहेब, ही त्याची आहे, सही पण त्याचीच आहे.

टायपिंग मी अकोल्याला शिकलो, इन्स्टिट्यूट झाडता झाडता. मास्तर जेवायला गेले की मशीनवर बसायचो. इंग्रजी तेव्हाही येत नव्हतं, आताही येत नाही. पण मशिनी जाऊन कॉम्प्युटर आले तेव्हा बटणांवर इंग्रजी अक्षरं होती, आणि बोटांनी ती आपोआप धरली. डी दाबला की क उमटतो. जे म्हणजे र. के म्हणजे काना. वेलांटी आधी दाबायची, अक्षर मागून, मशीनवर होतं तसंच.

आता इथं थोडं समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. कागदावर क दिसला तरी कॉम्प्युटरच्या पोटात डीच राहायचा. वरून फक्त क चं सोंग. हे सोंग म्हणजे फॉन्ट, आणि तो कंपनीचा, विकत घेतलेला. ज्या कॉम्प्युटरात ते सोंग नाही, त्यात डी म्हणजे डी. कचेरीत तर आणखी पुढची तऱ्हा. तिथली फाईलच एका कंपनीच्या प्रोग्रॅमात बंद व्हायची आणि मशीनच्या मागं बोटाएवढी चाबी खोचली असेल तरच उघडायची. डोंगल म्हणायचे तिला. चाबी कंपनीची. कागद सरकारचा, मजकूर लोकांचा, अन् चाबी कंपनीची. तेव्हा हे कोणाला खटकलं नाही. मलाही नाही.

मग शासनाचा कागद निघाला. यापुढे मराठी युनिकोडमध्ये आणि फाईल खुल्या मानकात. खुलं मानक म्हणजे काय ते मला जसं समजलं तसं सांगतो. पूर्वी धान्याच्या बाजारात ज्याची त्याची पायली असायची. घेताना मोठी, देताना लहान. मग सरकारी छापाचं माप आलं. ते कोणाच्या घरचं नाही. कसं बनवायचं ते सगळ्यांना ठाऊक, कोणताही लोहार बनवू शकतो, आणि ज्वारी बाळापूरच्या बाजारात मोजा की भातकुलीच्या, तेवढीच भरते. कागदाचं तसं माप म्हणजे खुलं मानक. आज लिहिलेलं उद्या कोणाच्याही कॉम्प्युटरात, कोणत्याही कंपनीला न विचारता उघडलं पाहिजे.

हे आज सांगतो. तेव्हा मी विरोध केला. वाचून नाही, ऐकून केला. ओळीत मी सगळ्यांत जुना. म्हटलं, आपली बोटं बदलायला सांगून राहिले, आपण बदलायची नाहीत. माझ्या शेजारी हमीदभाई बसायचा. मराठी टाइप करायचा आणि उर्दू अर्ज हातानं लिहायचा. आमची दोस्ती भांडणावर टिकलेली.

"गुलाबभाऊ," तो म्हणाला, "बोटं तेच राहतीन म्हने. सिर्फ मशीनचं पोट बदलते."

"तुले कोनं सांगतलं?"

"माह्या नातीनं."

"नात टाइप करते का तुही?"

"नाई करत. पन वाचते तं. तू तं वाचत बी नाई अन् नाई म्हनून राहिला."

मी त्याच्याशी दिवसभर बोललो नाही. पुढं बरीच वर्षं गेली, आणि एक दिवस सिंधूबाई आली.

सिंधूबाईचं संत्र्याचं बन गावाच्या शेवटच्या टोकाला आहे. तिथं जायला एकच वाट, पांदण. पांदण म्हणजे शेताशेतांमधून जाणारी गावाची गाडीवाट. ती कोणाच्या मालकीची नसते, म्हणूनच प्रत्येकाला थोडी आपली वाटते. सिंधूबाई स्टुलावर बसली नाही, उभ्यानंच बोलली.

"भाऊ, पांदन गेली."

"कुठं गेली?"

"पंकजच्या वावरात. ट्रॅक्टर घातला अन् तूर पेरली मेल्यानं."

"अन् मंग आता काहून आली? तूर पेरून तं महिने झाले."

"तवा वाटलं, पायी तं जाता येते. आता संत्र्याचा आंब्या बहार तोडाले आला. व्यापारी म्हनते, गाडी बनापर्यंत येत असंल तं माल घेतो. नाई तं बाई, तूच खाय तुही संत्री."

हे भांडण नवं नव्हतं. पुष्कळ वर्षांपूर्वी पंकजचे वडील देवीदासराव यांनीही पांदण अडवली होती. पण ते सरळ माणूस. साहेबासमोर आले, जबाब दिला, वाट सोडली, तसा आदेश झाला. तेव्हा कचेरीत मराठी टाइप करणारा कोणी नव्हता, म्हणून मला आत बोलावलं होतं. जबाबही मीच टाइप केला, आदेशही. आता देवीदासराव राहिले नाहीत. पंकज शिकलेला, वरूडकडं कुठं संत्र्याच्या कलमांच्या धंद्यात होता, आता परत आलेला. त्याचं म्हणणं एकच, आदेश दाखवा.

सिंधूबाईच्या घरची नक्कल नाल्याच्या पुरात पेटीसकट गेली होती. मी म्हटलं, त्यात काय, कचेरीतून काढू. अर्ज केला. रेकॉर्डमधला कागदांचा बस्ता सोडला तर आत उदई, म्हणजे वाळवी. पानांच्या जाळ्या झालेल्या. पण त्याच बस्त्यात लाखेचा शिक्का मारलेल्या पाकिटात एक सीडी होती, आणि ती शाबूत होती.

नायब तहसीलदार मॅडम साताऱ्याकडच्या होत्या. बोलणं मऊ आणि नियम पक्का. त्यांनी पंकजलाही नोटीस देऊन बोलावलं, सगळ्यांसमोर लाख फोडली, ऑपरेटरनं सीडी लावली. कंपनीचा तो प्रोग्रॅम आणि फॉन्ट केव्हाच गेलेले, चाबी कोणाच्या खिशात गेली देव जाणे, कंपनीचं दुकानच बंद. ऑपरेटरनं साध्याच प्रोग्रॅमात फाईल उघडून पाहिली. पडदाभर इंग्रजी अक्षरं, टिंबं, स्वल्पविराम, काही अर्थ नाही.

"फाईल खराब आहे मॅडम," ऑपरेटर म्हणाला.

पंकज हसला. सिंधूबाई माझ्याकडं पाहायला लागली.

मी पडद्याजवळ गेलो. पाहिलं आणि मला कळलं की काही खराब नाही. सोंग उतरलं होतं एवढंच. आय, के, ए, एन, टिंब, के. प, काना, अनुस्वार, द, आणि टिंब-के मिळून ण. पांदण. मी वाचायला लागलो. बोटानं ओळ धरून, मोठ्यानं. गावाचं नाव, गट नंबर, दोन्हीकडचे धुरे. मग देवीदासरावांचा जबाब आला. तो मी टाइप केला तसाच होता. "गाडी जाईन अन् बाजूनं मानूस चालंन एवढी वाट मी सोडली. माहं पोरगं उद्या नाही म्हनंल तं त्याले हा कागद दाखवजा."

शिपाई दारात येऊन उभा राहिला. खरं सांगतो, मोठी ऐट वाटली. ज्याला इंग्रजीचा एक शब्द वाचता येत नाही तो माणूस ते सारं धडाधड वाचतो आहे, आणि शिकलेले ऐकत आहेत. मला वाटलं, झालं काम.

पंकज उठला. "मॅडम, हा बुढा काहीबी वाचून राहिला. टाइप यानंच केलं, वाचते हाच, अन् समजते बी यालेच. मी म्हनलं का त्याच्यात पांदन माही लिहून हाय, तं?"

"तुह्या बापाचा जबाब हाय तो," सिंधूबाई म्हणाली.

"माहा बाप असं बोलंन का? हे यानंच जुळवलं."

मी त्याच्याकडं गेलो असतो, पण मॅडमनी हात केला. म्हणाल्या, "बाबा, तुम्ही वाचलं ते खरं आहे असं मला वाटतं. पण मला वाटून उपयोग नाही. उद्या हे प्रकरण वर गेलं तर तिथला अधिकारी विचारेल, हा कागद कोण वाचतं? मी काय सांगू, गेटसमोर एक बाबा बसतात, त्यांना बोलवा?"

"मी येतो ना. जिथं बलवाल तिथं येतो."

"तुमच्यानंतर?"

मी बाहेर येऊन मशीनवर कापड टाकलं. एवढं वाचून दाखवलं तरी मॅडमला चालत नाही म्हणजे काय? हमीदभाईला सगळं सांगितलं. तो ऐकत पान लावत राहिला.

"बाई बराबर बोलली," तो म्हणाला.

"तू बी तिकडलाच."

"अबे, तू मरशीन का नाई?"

"तू मर ना पहिले."

"मी बी मरीन. आपन दोघंबी मरून गेलो, मंग सिंधूबाईच्या लेकीनं कोनाले बलवायचं? मसनात जाऊन आवाज द्यायचा का, गुलाबभाऊ उठा, पांदन वाचून द्या?"

हसू आलं, पण आत कुठंतरी लागलं. मला वाचता येतं हीच माझी ऐट होती, आणि सिंधूबाईचं काम अडलं होतं ते नेमकं त्याच्यावरच. कंपनीची चाबी हरवली म्हणून मी कंपनीला शिव्या देत होतो. आता ती चाबी मीच होऊन बसलो होतो, आणि माझंही दुकान कधीतरी बंद होणारच.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडायच्या आधी मॅडमच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. "काय केलं म्हणजे घ्याल?" एवढंच विचारलं.

त्यांनी बसवून सांगितलं. हरवलेली किंवा खराब झालेली नस्ती, म्हणजे फाईल, पुन्हा उभी करता येते, तसा नियम आहे. पण वाचायची रीत उघड पाहिजे. कोणतं बटण म्हणजे कोणतं अक्षर याचा पूर्ण तक्ता, कोणाच्याही हातात देता येईल असा. ज्याला तुम्ही कोण ते माहीत नाही, ज्याला टायपिंग येत नाही, त्यानं त्या तक्त्यावरून वाचलं आणि तेच निघालं, तर मी ते युनिकोडमध्ये, खुल्या फाईलीत रेकॉर्डला घेईन. आणि त्या वेळी तुम्ही खोलीत नसाल.

"मी खोलीत नाही?"

"नाही, बाबा."

शेडमध्ये हे सांगितलं तर ओळ खवळली. जुन्या फाईली घेऊन येणारं गिऱ्हाईक हेच आता आमचं मोठं गिऱ्हाईक होतं. युनिकोड आल्यापासून लोक जुन्या सीड्या घेऊन यायचे, आम्ही पाहून नव्यानं टाइप करून द्यायचो. एक जण म्हणाला, "गुलाबराव, तुमी तं चाबी वाटून राहिले सगळ्याइले." दुसरा म्हणाला, "तुमचं झालं आता, आमचे दिवस बाकी हायेत." त्यांचं खोटं नव्हतं. मी म्हटलं, मी बनवणार. ज्याला राग येईल त्यानं स्टूल तिकडं सरकवावं. दोघांनी सरकवलं.

तक्ता बनवायला बसलो तर पहिल्याच दिवशी लाज वाटली. समोर ओळ असली की वाचता यायचं, पण एकेक बटण सांगायला बसलो तर काही आठवेना. घ कुठं आहे? अर्धा ष कुठं? बोटांना ठाऊक, मला नाही. शेवटी बटणांचं चित्र काढलेला कागद टेबलावर ठेवला आणि डोळे मिटून त्यावर बोटं आपटत बसलो. मी शब्द म्हणायचा, बोट जिथं पडेल ते बटण हमीदभाई पाहायचा आणि लिहायचा. "घर," मी म्हणायचो. "पुन्हा आपट," तो म्हणायचा, "डगमगलं." येणारे-जाणारे पाहायचे, दोन बुढे बिनमशीनचं टाइप करून राहिले.

त्यात एक गुंता निघाला, तो फक्त आमच्या ओळीतच निघू शकतो. त्या जुन्या फॉन्टात मराठीतला ‘ऱ्या’ नव्हता, तो हिंदीवाल्यांसाठी बनलेला. आणि कचेरीचा कागद ‘शेतकऱ्या’शिवाय सुरूच होत नाही. मग ज्यानं त्यानं आपली युक्ती काढली. मी क नंतर आडवी काडी घालून अर्धा य जोडायचो. हमीदभाई निराळंच काही जोडायचा. छापल्यावर दोन्ही बरं दिसायचं. पण पोटातून पाहिलं तर माझा शेतकरी मधोमध काडीनं तोडलेला आणि त्याचा वेगळ्याच जागी वाकलेला. कोणाची युक्ती बरोबर यावर आम्ही चहा थंड होईपर्यंत भांडलो. शेवटी तक्त्यात दोन्ही लिहिल्या. खाली हमीदभाईनं लिहिलं, ‘दोन्ही चालतात.’ मी म्हटलं, माझी वर लिही.

परीक्षेच्या दिवशी मी शेडमध्येच बसलो. खोलीत काय झालं ते सिंधूबाईनं नंतर सांगितलं, आणि शिपायानंही तसंच सांगितलं, म्हणून लिहितो.

मॅडमनी सीडीवरचा मजकूर होता तसा कागदावर छापून घेतला, शेजारी तक्ता ठेवला, आणि पंकजलाच म्हणाल्या, "तुम्ही वाचा. कुठूनही. तुम्हाला हवा तो भाग निवडा." पंकजला हे अपेक्षित नव्हतं. त्यानं पानावर बोट फिरवलं आणि जबाबावर ठेवलं. तो मी जुळवला असं त्याचंच म्हणणं होतं ना. पेन्सिल घेतली. एक अक्षर पाहायचं, तक्त्यात शोधायचं, खाली मराठी लिहायचं. पहिल्या ओळीला पुष्कळ वेळ लागला. वेलांटी आधी येते हे तक्त्यात लिहिलं होतं तरी एकदा चुकला, खोडलं, पुन्हा केलं. गाडी. बाजूनं. वाट.

मग आलं ई, के, जी, ए. माहं. पुढं आय, के, एस, जे, एक्स, ए. त्यानं एकेक शोधलं. प. काना आणि मात्रा. र. ग. अनुस्वार. ‘माहं पोरगं’ असं आपल्याच अक्षरात लिहून झालं आणि त्यानं पेन्सिल खाली ठेवली.

मॅडम म्हणाल्या, "पुढचं?"

"पुढचं ठाऊक हाय," तो म्हणाला.

पण मॅडमनी त्याच्याकडून पूर्ण करून घेतलं. नियम पक्का.

त्याच दिवशी ऑपरेटरनं सगळा आदेश युनिकोडमध्ये, खुल्या फाईलीत आणला, तक्त्यासकट. दोघांनाही पाठवला. पंकजच्या मोबाईलवर उघडला, सिंधूबाईची लेक अमरावतीला शिकते तिच्याही मोबाईलवर उघडला. चाबी लागली नाही, मीही लागलो नाही.

जाताना पंकज माझ्या स्टुलाजवळ थांबला. मी वर पाहिलं नाही.

"काका, बाबा खरंच असे बोलले होते?"

"मी अर्ज जुळवतो. जबाब जुळवत नाही."

तो मग म्हणाला, "त्या एका पानाचा प्रिंट देता का? बाकी नको." मी दिला. पैसे काढत होता, मी म्हटलं ठेव. माझा राग गेला होता असं नाही. पण बापाच्या बोलण्याचे पैसे पोराकडून घेत नाहीत.

तूर त्यानं स्वतःच उपटली, गाडीच्या रुंदीएवढी. थोडा उशीर झालाच, सिंधूबाईची पुष्कळ संत्री तोवर गळून गेली. पण टेम्पो बनापर्यंत गेला. तिनं एक कॅरेट शेडमध्ये आणून टाकलं आणि ओळीतल्या सगळ्यांना वाटलं, स्टूल सरकवणाऱ्या दोघांनाही. ते दोघं खाताना माझ्याकडं पाहत नव्हते.

त्यांचं म्हणणं पुढं खरं झालं. तक्ता कचेरीत लागला आणि जुन्या फाईलींचं गिऱ्हाईक आत जायला लागलं. ओळ विरळ झाली. हमीदभाईनं मशीन नातीला दिलं आणि घरी बसला, आता फक्त उर्दू लिहितो, तेही कोणी घरी आलं तर. बोटांचं तो म्हणाला तेच खरं निघालं, नव्या युनिकोडलाही जुनाच कीबोर्ड चालतो. त्यानं हे मला अजूनपर्यंत विसरू दिलेलं नाही. आणि सगळ्यांचंच काम झालं असंही नाही. एका म्हाताऱ्याची सीडी आणली तर ती पापुद्र्यासारखी सुटून आली. तिथं तक्ता काय करणार? तो माणूस दोन वेळा आला, मग यायचा थांबला. अशा वेळी वाटतं, हे आधी करायला हवं होतं. शासनाचा कागद निघाला तेव्हा तो वाचायला हवा होता, ऐकायला नव्हे.

मग मी ठरवलं की तक्ता एका कचेरीत टांगून उपयोग नाही. झेरॉक्सा काढल्या, पिशवीत घातल्या आणि एसटीनं फिरायला लागलो. बाळापूर, मूर्तिजापूर, दर्यापूर. कोणी बोलावलं नव्हतं. एका ठिकाणी साहेबानं विचारलं, "तुम्हाला कोणी पाठवलं?" मी म्हटलं, कोणी नाही. "मग आम्ही हे का घ्यावं?" म्हटलं, घेऊ नका, टेबलावर ठेवतो, रद्दीत टाकायच्या आधी एक जुनी फाईल उघडून पाहा. दोन ठिकाणी शिपायानं गेटवरूनच परत लावलं. मी पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो. शिपायांना माझी दया नाही आली, कंटाळा आला असावा. तक्ता घेतला त्यांनी.

मागच्या महिन्यात भातकुलीला गेलो होतो, दुसऱ्याच कामानं. तिथं एका टेबलाशी एक नवीन मुलगी बसली होती, लिपिक. तिच्यामागं भिंतीवर माझा तक्ता. मी जवळ गेलो तर तक्त्याच्या खालच्या बाजूला निळ्या पेननं काहीतरी लिहिलेलं, माझ्या अक्षरातलं नाही, हमीदभाईच्याही नाही.

"याच्यावर कोनं लिहिलं?" मी विचारलं. आवाज चढला असावा, कारण शेजारचा कारकून वळला.

"मी," ती मुलगी म्हणाली. "काहून काका?"

"हा तक्ता माहा हाय. याच्यात गडबड नाई करायची."

तिनं खुर्ची ओढून दिली. म्हणाली, तुमचं नाव मला माहीत नव्हतं, इथं टांगलेला होता म्हणून वापरते. मग तिनं कॉम्प्युटरवर एक जुनी फाईल उघडली. कुण्या टाइपिस्टाची, जो कधीच वारला, अमरावतीच्या ओळीतला. त्यानं ‘ऱ्या’साठी तिसरीच युक्ती केली होती. त्याचा शेतकरी ना माझ्या तक्त्यात बसत होता ना हमीदभाईच्या. तिनं दहा-बारा फाईली ताडून पाहिल्या, प्रत्येक वेळी तेच बटण निघालं, मग खाली लिहून ठेवलं. त्या माणसाच्या साऱ्या फाईली आता उघडतात.

मी चष्मा लावला. तिचं लिहिलेलं बोटांनी टेबलावर आपटून पाहिलं. एकदा. पुन्हा एकदा. ती माझ्या बोटांकडं पाहत होती.

बरोबर होतं.

"बाई," मी म्हटलं, "याची एक झेरॉक्स दे मले. माह्याजवळचा जुना झाला."